काउंट आणि काउंटर

सुसंस्कृत माणसाच्या आवडीनिवडींची नेहमी दोन खाती असतात. एक उघड खातं. ते चारचौघांत केव्हाही उघडून दाखवता येतं. त्यात सत्यजित राय असतात, भीमसेन असतात, झालंच तर न वाचलेली दोनचार जाड पुस्तकं असतात. दुसरं खातं बेनामी. त्यातले व्यवहार रात्री अकरानंतर होतात, घरातले दिवे मालवून आणि कानाला हेडफोन लावून. माझ्या या दुसऱ्या खात्यात गेली कित्येक वर्षं एक रक्तपिपासू सरदार जमा आहे. नाव काउंट ड्रॅक्युला. मुक्काम कार्पेथियन पर्वत. चित्रपट ‘ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस’, साल १९६६, बनवणारी कंपनी इंग्लंडची हॅमर.

आमच्या शाखेत एक चित्रपटरसिक सहकारी आहेत. जागतिक सिनेमा ते कोळून प्यायले आहेत. जेवणाच्या सुट्टीत ते डब्यातल्या भेंडीच्या भाजीसोबत स्वीडनचं दुःख वाढतात. त्यांच्यासमोर ड्रॅक्युलाचं नाव काढणं म्हणजे शास्त्रीय गायनाच्या बैठकीत बँडची फर्माईश करणं. त्यातून हा ड्रॅक्युला पहिला नव्हे, दुसऱ्या वाढीचा. पहिल्या वाढीची जिलबी माणूस भुकेनं खातो, दुसऱ्या वाढीची आग्रहानं. आणि आग्रहाची जिलबी खाणाऱ्याबद्दल कुणाचंच मत चांगलं नसतं. तरीही मी या चित्रपटाची बाजू घेणार आहे. कारण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, आणि काटकसर म्हणजे काय हे मला कळतं, अशी माझी (आणि फक्त माझीच) समजूत आहे.

आधी एक घरचं नातं सांगून ठेवतो. ड्रॅक्युलाची मूळ कादंबरी ब्रॅम स्टोकर यांनी १८९७ साली प्रसिद्ध केली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण हे स्टोकर डब्लिनला सरकारी नोकरीत कारकून होते, आणि १८७९ साली त्यांनी आयर्लंडमधल्या छोट्या कोर्टांच्या कारकुनांची कर्तव्यं काय, या विषयावर एक पुस्तक लिहिलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणजे माणूस आपल्यातलाच. आधी कारकुनांची कर्तव्यं लिहिली, मग रक्त शोषणाऱ्याची कथा लिहिली. या दोन पुस्तकांमधल्या प्रवासात काय घडलं असेल, ते मार्चएन्डला रात्री साडेनऊ वाजता काउंटरवर बसलेल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही.

आता हॅमरचा हिशेब बघू. १९५८ साली टेरेन्स फिशर या दिग्दर्शकानं कंपनीसाठी पहिला ‘ड्रॅक्युला’ काढला. ख्रिस्तोफर ली ड्रॅक्युला, पीटर कुशिंग व्हॅन हेल्सिंग. चित्रपट तुफान चालला. शेवटी कुशिंगनं पडदे ओढले, सूर्यप्रकाश आत आला आणि ड्रॅक्युलाची राख झाली. गल्ला मात्र राहिला. मग १९६० साली कंपनीनं ‘ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’ काढला. नावात ड्रॅक्युला, पण चित्रपटात ड्रॅक्युला नाही! वधू आहेत, वरमाला आहे, मांडव आहे, नवरदेवाचाच पत्ता नाही. अखेर आठ वर्षांनी कंपनीनं लींना पुन्हा बोलावलं, आणि हा आपला चित्रपट झाला. दिग्दर्शक पुन्हा फिशर.

खर्चाची बाजू बघाल तर तुमच्या डोळ्यांत पाणी येईल. सुरुवातीची मिनिटं नवी नाहीतच. १९५८च्या चित्रपटाचा शेवट उचलून तिथे लावला आहे. आता जुना चित्रपट अरुंद आणि नवा रुंद. मग दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेचं काय करायचं? तिथे धूर सोडून दिला! जुनी सतरंजी नव्या हॉलला पुरेना म्हणून कडेनं कुंड्या ठेवाव्यात, तसा. त्या तुकड्यात कुशिंग दिसतात. त्याबद्दल कंपनीनं काय केलं, तर त्यांच्या घराच्या छपराच्या दुरुस्तीचं बिल भरून टाकलं, असं सांगतात. मला हा व्यवहार फार आवडतो. हल्लीच्या नटांच्या मानधनाचे आकडे वाचले की वाटतं, छप्पर गळणारे नट राहिले नाहीत म्हणून ही वेळ आली.

पुढे ऐका. चित्रपट टेक्निस्कोप नावाच्या पद्धतीनं चित्रित केला. तिची मख्खी अशी की रुंद पडद्याचं चित्र मिळतं, पण कच्ची फिल्म निम्मीच लागते. आमच्या स्टेशनरी विभागात वापरलेल्या कागदाच्या पाठीवर छपाई करतात, त्यातलाच प्रकार. टेम्सकाठच्या ब्रे स्टुडिओत किल्ल्याचा सेट उभारला, तो ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’साठी वापरला आणि लगेच पाठोपाठ ‘रास्पुतिन, द मॅड मंक’ या चित्रपटासाठीही वापरला. नटसुद्धा बरेचसे तेच. एकाच मांडवात सकाळी मुंज आणि संध्याकाळी लग्न उरकावं, आणि आचारीही तोच असावा, तसं. ड्रॅक्युलाची दाढ काढून ठेवायची, रास्पुतिनची दाढी लावायची, आणि तोच जिना पुन्हा उतरायचा.

इथे आमचे जागतिक सहकारी म्हणतील, “हे सगळं ठीक. पण काटकसर म्हणजे कला नव्हे.” मान्य. आमच्या शाखेत काटकसर भरपूर आहे आणि कला औषधालाही नाही. पण या चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या भागात नेमकं हेच घडतं, की जे परवडत नाही त्याचीच भीती होते. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो सिद्ध करायला मला दोन साक्षीदार पुरेत : एक गाडी आणि एक जेवणाचं टेबल.

गोष्ट साधी आहे. केंट आडनावाचे दोन इंग्रज भाऊ आणि त्यांच्या बायका कार्पेथियन भागात सहलीला निघाले आहेत. वाटेत खानावळीत त्यांना फादर सँडोर नावाचा धट्टाकट्टा साधू भेटतो. हा बंदूक बाळगतो, मनमोकळं हसतो आणि झगा वर करून शेकोटीपाशी आपली पाठ, म्हणजे पाठीच्याही जरा खालचा भाग, शेकत उभा राहतो. हेडऑफिसचा तपासणी अधिकारी मला ताबडतोब डोळ्यांसमोर दिसला. तो सांगतो, किल्ल्याकडे फिरकू नका. मंडळी अर्थातच किल्ल्याकडे फिरकतात. अंधार पडायला लागल्यावर कोचवान त्यांना रस्त्यात उतरवून पळून जातो. आणि मग येते ती गाडी. काळी, दोन घोड्यांची आणि चालवणारा कोणीच नाही. घोडे आपले येऊन शहाण्यासारखे उभे राहतात.

आता बघा, इथे एका नटाचा पगार वाचला. पण त्या रिकाम्या जागेकडे बघताना अंगावर जो काटा येतो, तो दाढीवाला, एका डोळ्याचा, गडगडाटी हसणारा कोचवान बसवला असता तर आला असता का? मंडळी आत बसतात, लगाम स्वतः हातात घेतात, आणि घोडे तरीही आपल्याला हवं तिकडेच जातात. कर्ज काढून गाडी घेतलेल्या माणसाला हा अनुभव नवा नाही.

दुसरा साक्षीदार याहून स्वस्त. मंडळी किल्ल्यात शिरतात. आत चिटपाखरू नाही. पण दिवाणखान्यात टेबल मांडलेलं आहे. चौघांसाठी. पाच नाही, तीन नाही, बरोबर चार पानं. वर जाऊन बघतात तर त्यांचं सामान खोल्यांतून नीट काढून ठेवलेलं! बस. ना वटवाघूळ, ना किंकाळी, ना रक्ताचा थेंब. आपली वाट कोणीतरी बघत होतं, एवढंच. अनोळखी गावात, अनोळखी घरात आपलं पान मांडलेलं असावं, यात घाबरण्यासारखं काय आहे ते सांगता येत नाही, आणि म्हणूनच भीती वाटते. चार थाळ्या आणि चार पेल्यांत त्यांनी जे साधलं ते पुढे कोट्यवधी खर्चूनही अनेकांना साधलेलं नाही.

या चौघांत थोरल्या भावाची बायको हेलन एकटीच सुरुवातीपासून म्हणत असते, की इथे थांबू नका. बार्बरा शेली या नटीनं ती केली आहे. सगळे तिला हसतात. कटकटी, भित्री, सहलीचा विचका करणारी, अशी तिची गणना होते. एका रात्री पाणी प्यायला उठलेली आमची सौ. माझ्या मागे उभी राहून पाच मिनिटं हे बघत होती. मग म्हणाली, “अहो, ही एकटीच शहाणी आहे. आणि बघा, पहिला त्रास हिलाच होणार.” आणि झोपायला गेली. एवढ्या कमी शब्दांत एवढं अचूक परीक्षण मी छापील कुठे वाचलेलं नाही. खरंच, हिचं सगळं भाकीत बरोबर ठरतं आणि तिची किंमत तिलाच मोजावी लागते. हा मुद्दा मी आजवर सौ.समोर मान्य केलेला नाही. कारण मग गेल्या वर्षीच्या सहलीचा विषय निघेल.

तर किल्ल्यात क्लोव्ह नावाचा नोकर आहे. मालक वारले, पण पाहुण्यांची व्यवस्था ठेवा अशी त्यांची आज्ञा आहे, असं तो सांगतो. खालच्या तळघरात दगडी पेटी आहे. तिच्यात राख घालायची. ही मला सरळसरळ लॉकरची पद्धत वाटते. लॉकर दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक आमच्याकडे, एक ग्राहकाकडे. राख क्लोव्हकडे जपून ठेवलेली आहे, रक्त ग्राहकाकडे आहे. थोरला भाऊ ॲलन रात्री आवाज ऐकून खाली येतो, आणि दुसरी किल्ली लागते. तो प्रसंग भीषण आहे. त्याला उलटा टांगतात, आणि रक्त राखेवर पडतं. फिशर हे सगळं घाई न करता दाखवतो. धुकं जमतं, आणि पेटीच्या काठावर एक हात येतो. चित्रपट तोवर जवळजवळ निम्मा संपलेला असतो.

आणि इथे मुख्य चमत्कार. हा सहा फूट पाच इंचांचा ड्रॅक्युला, ज्याच्यासाठी प्रेक्षक तिकीट काढून आले, तो अख्ख्या चित्रपटात एक शब्द बोलत नाही. फुत्कारतो, दात दाखवतो, लाल डोळ्यांनी बघतो. बोलत मात्र नाही. का बोलत नाही, याबद्दल दोन परिपत्रकं उपलब्ध आहेत. ली म्हणत, संवाद इतके भिकार होते की मी ते बोलायचं नाकारलं. पटकथा लिहिणारे जिमी सँगस्टर म्हणत, पिशाच्चं गप्पा मारत नसतात, म्हणून मी संवाद लिहिलेच नव्हते. युनियन आणि व्यवस्थापन यांच्या निवेदनांत जेवढं साम्य असतं तेवढंच यांत आहे. मी नटाच्या बाजूचा, हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे याला ‘नियमानुसार काम’ म्हणतात. वेळेवर यायचं, ठरलेलं काम करायचं, चावायचं तिथे चावायचं, पण तोंडातून एक जादा शब्द काढायचा नाही.

गंमत अशी की यातून चित्रपटाचं भलंच झालं. स्टोकरच्या कादंबरीतही सुरुवातीचा किल्ल्याचा भाग सोडला तर ड्रॅक्युला फारसा समोर येत नाही. त्याची चाहूलच पुस्तक चालवते. बोलणाऱ्या माणसाशी घासाघीस करता येते. त्याचं म्हणणं खोडता येतं, त्याला हप्ते बांधून देता येतात. न बोलणाऱ्यापुढे काय करणार? जेम्स बर्नार्ड यांचं संगीतच त्याच्या वतीनं बोलतं. ‘ड्रॅ-क्यु-ला’ या तीन अक्षरांवर बसवलेले तीन सूर, तोफेसारखे. साहेब गप्प, शिपाई ओरडतो आहे, असा तो थाट.

दुसऱ्या भागात चित्रपट जरा बसतो, हे नमूद केलं पाहिजे. धाकटा भाऊ आणि त्याची बायको निसटून सँडोरच्या मठात पोचतात, आणि तिथे बरीच ये-जा होते. पिशाच्चाला आतून कोणी बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही, म्हणून बोलावणारा एक वेडसर इसम ठेवला आहे. तो कादंबरीतल्या रेनफील्डचा बदली कामगार आहे आणि बदली कामगारासारखाच वावरतो. पण याच मठात चित्रपटातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग आहे, आणि त्यात ड्रॅक्युला नाही.

हेलन आता पिशाच्च झालेली आहे. केस मोकळे, आवाजात ओढ, अंगात एक प्रकारची मोकळीक. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कोणी ‘नको’ म्हणायला लावत नाही. तिला साधू पकडतात. पाचसहा धडधाकट पुरुष तिला टेबलावर दाबून धरतात, आणि फादर सँडोर छातीत खुंटा ठोकतो. ती किंचाळते, धडपडते. चित्रपटाच्या नियमानं हे योग्यच आहे. नंतर तिच्या चेहऱ्यावर शांतीही दाखवली आहे. पण त्या अर्ध्या मिनिटात राक्षस नेमकं कोण, असा प्रश्न पडतो. आणि आठवतं, की चित्रपटाच्या आरंभी एका मेलेल्या मुलीच्या छातीत खुंटा ठोकायला निघालेल्या गावकऱ्यांना याच सँडोरनं खडसावून थांबवलं होतं. तिथेही तो बरोबर होता, इथेही बरोबर आहे. बरोबर असलेली माणसं किती भयंकर दिसू शकतात, हे या स्वस्तातल्या चित्रपटानं भाषण न करता दाखवलं आहे. शहाणी बाई शहाणपणाबद्दल आधी हसली गेली, मग चावली गेली आणि शेवटी तिच्याच भल्यासाठी मारली गेली. आमच्या सौ.नं हे पाच मिनिटांत ओळखलं होतं.

शेवट किल्ल्याच्या गोठलेल्या खंदकावर आहे. वाहत्या पाण्यापुढे पिशाच्चाचं काही चालत नाही हा नियम. धाकट्याची बायको बंदूक झाडते, गोळी ड्रॅक्युलाला लागत नाही, बर्फ फुटतो, खालून पाणी उसळतं. सँडोरच्या लक्षात येतं आणि तो बर्फावरच गोळ्या घालत सुटतो. ड्रॅक्युला खाली जातो. खंदकातलं पाणी वाहतं कसं, हा प्रश्न मी विचारत नाही. लेखापरीक्षणात काही मुद्दे जागच्या जागी मिटवायचे असतात.

यानंतर हे खातं आमच्या भाषेत ‘निष्क्रिय’ व्हायला हवं होतं. दोन वर्षं ग्राहकानं व्यवहार केला नाही की आम्ही खातं निष्क्रिय ठरवतो. पण हॅमर कंपनी बरोबर दोन वर्षांनी हजर! १९६८ साली एका धर्मगुरूच्या जखमेचं रक्त बर्फाच्या फटीतून झिरपलं आणि खातं पुन्हा चालू झालं. शेवटी क्रूसावर पडून बंद. १९७० साली दोनदा उघडलं, एकदा वाळलेल्या रक्ताची पूड पेल्यात कालवून आणि एकदा वटवाघळानं राखेवर रक्त सांडून. दुसऱ्या खेपेला वीज पडून बंद. १९७२ साली थेट लंडनमधल्या तरुण पोरांत. त्याच्या पुढच्या चित्रपटात एका काटेरी झुडपात अडकून समाप्ती. एवढ्या वेळा खातं उघडलं, पण केवायसीची कागदपत्रं कोणी मागितली नाहीत. आरशात ज्याचं प्रतिबिंब पडत नाही त्याचा फोटो तरी कसा चिकटवणार?

हॅमरसाठी ली यांनी ड्रॅक्युला एकूण सात वेळा केला. पुढेपुढे त्यांना या भूमिकेचा मनापासून वीट आला होता आणि ते तसं स्पष्ट सांगत. मग करत का होते? त्यांनीच नंतर सांगितलेली हकीकत अशी : ते नाही म्हणाले की कंपनीचे प्रमुख जेम्स कॅरेरास यांचा फोन येई. चित्रपट तुमच्या नावावर अमेरिकेत विकून बसलो आहोत. तुम्ही आला नाहीत तर तुमच्या ओळखीची किती माणसं बेकार होतील, विचार करा. मग ली जात. दात लावत, डोळ्यांत ती बोचणारी लाल भिंगं घालत आणि पुन्हा एकदा मरत.

हे कळल्यापासून मी तो चित्रपट वेगळ्या नजरेनं बघतो. दगडी पेटीच्या काठावर येणारा तो हात मला आता पिशाच्चाचा वाटत नाही. रोज सकाळी काउंटरची फळी उचलून आत जाणाऱ्या माणसाचा वाटतो. कामाचं प्रेम केव्हाच संपलेलं असतं, वरिष्ठांनी लिहून दिलेले शब्द उच्चारवत नाहीत, पण मागे सुतार आहेत, शिंपी आहेत, दिवे धरणारे आहेत, आणि त्यांच्या चुली आपल्या येण्यावर पेटतात. मग माणूस येतो. बोलत नाही, पण काम असं करतो की साठ वर्षांनी दुसऱ्या देशातल्या एका कारकुनाची झोप उडावी. फार ग्रेट चित्रपटांतही एवढा प्रामाणिकपणा क्वचित सापडतो. ली २०१५ साली, ९३व्या वर्षी गेले. या खेपेला खातं कोणी पुन्हा उघडलं नाही.

तेव्हा या आनंदाला चोरटा म्हणणं मी सोडून दिलं आहे. निम्म्या फिल्मवर, उसन्या सेटवर, जुन्या शेवटाच्या सुरुवातीवर उभा केलेला हा चित्रपट आपलं देणं चोख फेडतो. तुम्हीही एकदा बघा. फक्त एक करा, सोबत घरातलं शहाणं माणूस बसवा. आणि ते “आता पुरे, झोपा” म्हणालं, तर ताबडतोब ऐका. हेलनचं कोणी ऐकलं नव्हतं.